शब्दचर्चा : छडा, उकल, उलगडा आणि शब्दाला जागणे

रत्नागिरीहून
रहस्यमालिका संपली की परीक्षणांत दोन वाक्ये हमखास येतात : ‘शेवट स्वतःशी प्रामाणिक राहिला’ आणि ‘उलगडा फसला’. उलगडा, उकल, छडा, खुलासा हे शब्द तिथे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांत खरेच फरक आहे का? आणि ‘स्वतःशी प्रामाणिक’ हे मला उसने वाटते. त्याला आपला शब्द कोणता?

मालवणहून
फरक आहे, आणि वाक्यात घालून तो लगेच तपासता येतो. ‘चोराचा छडा लागला’ चालते, ‘चोराचा उलगडा झाला’ चालत नाही. गणिताची उकल होते, छडा लागत नाही. ‘तिच्या वागण्याचा उलगडा झाला’ इथे ‘उकल’ घातली तर वाक्य अडखळते. ढोबळमानाने छडा ‘कोण’चा, उकल ‘कसे’ची, उलगडा ‘का’चा.

उलगडणे हे घडीचे क्रियापद. कापड तेच असते, आत दडलेली नक्षी दिसू लागते. म्हणूनच उलगड्यात बाहेरचे काही आणता येत नाही. आजवर न दिसलेला जुळा भाऊ शेवटच्या भागात अवतरला तर छडा लागेल, उलगडा होणार नाही. ‘उलगडा फसला’ म्हणणाऱ्याने आधी हे पाहावे की मालिकेत उलगडा होता की नुसता छडा.

वेंगुर्ल्याहून
‘खुलासा’ या यादीतून काढा. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण : कार्यालय खुलासा मागवते, माणूस खुलासा करतो. ‘धक्कादायक खुलासा’ ही हिंदी बातम्यांची देणगी.

हर्णैहून
‘उकल’ला गाठीच्या बाजूने पाहा. सुरगाठ एक टोक ओढले की सुटते. ते टोक बांधतानाच मोकळे ठेवलेले असते. निरगाठीला असे टोक नसते, आणि सुंभाची गाठ भिजून आवळली की नखाने सुटत नाही, कोयतीच लागते. चांगल्या रहस्यमालिकेची गाठ सुरगाठ असते : ओढायचे टोक पहिल्या काही भागांतच दिसलेले असते, फक्त आपण ते ओढलेले नसते. टोक न ठेवता भाग वाढवत नेले की शेवटी लेखकाला कोयती घ्यावी लागते. त्याला उकल म्हणू नये, गाठ कापली म्हणावे.

रत्नागिरीहून
मग ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन रहस्यमालिकेचे काय? 30 भागांच्या त्या मालिकेत लॉरा पामरचा खुनी 15व्या भागात, नोव्हेंबर 1990 मध्ये, प्रेक्षकांना कळला. मालिका संपली जून 1991 मध्ये, तीही नवा प्रश्न टाकून. छडा मध्यावर लागला, उलगडा राहिलाच. ती स्वतःशी प्रामाणिक म्हणायची की नाही?

मालवणहून
म्हणायची. मालिकेचा शब्द काय होता ते बघा. खुनी दाखवण्याची घाई निर्मात्यांना नव्हती. त्यांच्यावर वाहिनीचा दबाव होता. पहिल्या भागापासून रोख त्या गावाच्या आत काय दडले आहे याकडे होता, आणि शेवटचा भाग तिथेच परत जातो. छडा लागल्यानंतरचे मधले काही भाग मात्र भरकटतात, हे मान्य.

सावंतवाडीहून
शब्दाचा विषय निघालाच आहे, तर ‘शब्दाला जागणे’ घ्या. मिठाला जागतात, शब्दाला जागतात. ‘स्वतःशी प्रामाणिक’मध्ये कोण कोणाशी हेच कळत नाही, ‘जागणे’ म्हटले की कोणता शब्द दिला होता हे सांगावेच लागते.

तो शब्द शोधायचा कसा, हे आपल्या देवळातल्या कौलावरून कळते. देवाच्या पाषाणाला पाकळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवीकडचे पडले तर उजवा कौल, म्हणजे होकार, डावीकडचे पडले तर डावा, म्हणजे नकार. म्हणून प्रश्न असाच घालावा लागतो की उत्तर उजवे-डावे येईल. पहिल्या दोन-तीन भागांत मालिकेने घातलेले प्रश्न तसे लिहून काढा : ‘हे माणसाचे काम आहे का?’ ‘घरातल्याचे आहे का?’ शेवटाला ते एकेक लावा. डावे उत्तर चालेल. उत्तरच नसले, किंवा मध्येच प्रश्न बदलला असला, तर मालिका शब्दाला जागली नाही.

भाषेचाही शब्द असतो. आपल्या कोकणातल्या आकेरीला चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही रहस्यमालिका 2016 मध्ये आली. आपल्याकडे गाऱ्हाणे म्हणजे देवाला घातलेले साकडे, घाटावर ती तक्रार. महिनोन्‌महिने गाऱ्हाण्याच्या भाषेत बोललेली मालिका शेवटी तक्रारीच्या भाषेत, चौकशीच्या कागदासारखी, सुटली तर ते खटकणारच.

हर्णैहून
त्याच मालिकेचे दुसरे पर्व 2019 मध्ये आले ते मागच्या काळात जाऊन. पूर्वकथेने छडा बदलत नाही, पण उलगडा वाढू शकतो. म्हणजे शेवट झाल्यानंतरही उलगडा चालू राहतो. उकलीचे तसे नाही.

वेंगुर्ल्याहून
परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी एवढेच : ‘शब्दाशी जागली’ लिहू नका, ‘शब्दाला जागली’ लिहा. ‘शी’च हवा असेल तर ‘कथेशी इमान राखले’.