सारे काही एकमेकांत गुंफलेले असेल, तर वरचे-खालचे कोठून आले?

जिज्ञासू (प्रश्न):
हिंदू आणि बौद्ध या दोन्ही परंपरांत विश्वाची उतरंड मांडलेली दिसते. पुराणांत भूलोकापासून सत्यलोकापर्यंत सात आणि अतलापासून पाताळापर्यंत सात असे 14 लोक येतात, तर थेरवादी परंपरा कामलोक, रूपलोक आणि अरूपलोक मिळून 31 भूमी मोजते. दुसरीकडे छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला ‘तत्त्वमसि’ (ते तूच आहेस) असे सांगतो आणि बुद्ध प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उपजते हे तत्त्व, शिकवतात. सर्व काही एक असेल, किंवा एकमेकांवर अवलंबून असेल, तर त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायचे कशाच्या आधारावर? ही विसंगती आहे, की माझ्याच समजुतीत चूक आहे?

अधोरेखित:
आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे: जेथे परस्परसंबंध, तेथे समता. ‘उतरंड’ हा शब्द आपणच वापरला आहे म्हणून सांगतो, उतरंडीतली मडकीही एकमेकांना टेकलेलीच असतात. फक्त भार तळाच्या मडक्यावर असतो. ऋग्वेदातील पुरुषसूक्त (10.90) याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. एकाच विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, श्वासापासून वायू झाला, आणि त्याच देहाचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य (क्षत्रिय), मांड्या वैश्य व पायांपासून शूद्र, असे ते सूक्त म्हणते. येथे विश्व एकसंध आहे हे खरे, परंतु एकसंध असल्यामुळेच प्रत्येकाची जागा ठरून गेली आहे.

तथापि वैदिक साहित्य एवढ्यावर थांबत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील आनंदमीमांसेत धनधान्याने भरलेल्या पृथ्वीचा धनी असलेल्या निरोगी, बलवान तरुणाचा आनंद हे माप धरले आहे आणि मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर असे करत ब्रह्मापर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येक आधीच्या पायरीच्या शंभर पट, चढवल्या आहेत. इतकी काटेकोर शिडी क्वचितच कोणी बांधली असेल. मात्र या प्रत्येक पायरीवर ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’ हे पालुपद येते, म्हणजे कामनेने न ग्रासलेल्या वेदज्ञालाही तेवढाच आनंद लाभतो. आणि शेवटी, या पुरुषात जो आहे आणि त्या आदित्यात जो आहे तो एकच, असे सांगितले जाते. शिडी मोडलेली नाही, पण ती चढण्याची सक्तीही उरलेली नाही.

वाटसरू:
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. बौद्ध बाजू जोडतो. बौद्ध विश्वरचनेत पायऱ्या आहेत, परंतु कोणत्याही पायरीवर कायमचा मुक्काम नाही. देव होणे हे कर्माचे फळ आहे. ते फळ सरले की देवालाही खाली यावे लागते. (पुण्य क्षीण झाल्यावर स्वर्गातून मर्त्यलोकी परतण्याची गोष्ट गीतेच्या नवव्या अध्यायातही आहे, हे विसरू नये.) वेगळेपण शिखराबाबत आहे. दीघनिकाय या पाली ग्रंथातील केवट्टसुत्तात एक भिक्षू ‘चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात (थांबतात)’ हा प्रश्न घेऊन एकेक देवलोक चढत थेट महाब्रह्मापर्यंत पोहोचतो. महाब्रह्मा ‘मी निर्माता, मी सर्वांचा पिता’ अशी आपली बिरुदेच ऐकवत राहतो. भिक्षू हटत नाही, तेव्हा तो त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि कबूल करतो की, उत्तर मलाही ठाऊक नाही, पण या देवांसमोर ते कसे सांगणार! माझ्या मते उतरंडीवरची इतकी मार्मिक थट्टा प्राचीन साहित्यात विरळाच. अग्गञ्ञसुत्त तर ब्रह्माच्या मुखातून जन्मल्याचा दावाच खोडून काढते: ब्राह्मणही इतरांप्रमाणे आईच्याच पोटी जन्मतात, हे तेथे बुद्ध दाखवून देतात.

तळटीप:
एक सावधगिरी. प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ हल्ली सरसकट ‘विश्वातील प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूशी जोडलेली आहे’ असा केला जातो. पाली सुत्तांतील बारा निदानांची (कारणरूप कड्यांची) साखळी अविद्येपासून जरामरणापर्यंत जाते. तिचा विषय दुःख कसे उपजते आणि कसे थांबते हा आहे. बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांनी दिलेली, एकमेकींवर टेकून उभ्या राहिलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमाही विज्ञान (येथे अर्थ जाणीव) आणि नामरूप (मन व शरीर) या दोहोंपुरतीच आहे. सर्वव्यापी गुंफणीची कल्पना पुढे महायानात, विशेषतः अवतंसकसूत्रावर उभ्या राहिलेल्या चीनमधील हुआयेन संप्रदायात फुलली. इंद्राच्या जाळ्याच्या प्रत्येक गाठीत रत्न आहे आणि प्रत्येक रत्नात उरलेल्या सर्व रत्नांचे प्रतिबिंब आहे, ही प्रतिमा तेथील. फाझांग (643–712) या आचार्यांनी ती गुंफण तपशिलाने मांडली. अशा जाळ्याला मध्य नसतो, त्यामुळे शिखरही नसते. गंमत म्हणजे अथर्ववेदात इंद्राचे जाळे शत्रुसेनेला पकडण्याचे शस्त्र आहे.

जिज्ञासू:
आपणा सर्वांचे आभार. मग मध्य नसलेल्या गुंफणीची कल्पना उपनिषदांत मुळीच नाही, असे म्हणावे काय?

अधोरेखित:
तसे म्हणता येणार नाही. बृहदारण्यकातील मधुविद्या पाहा: ही पृथ्वी सर्व भूतांचा मध आहे आणि सर्व भूते या पृथ्वीचा मध आहेत, मग हेच जल, अग्नी, वायू, आदित्य अशा एकेकाविषयी, दोन्ही दिशांनी. येथे कोणी कोणाचे पाय नाही. मात्र त्या प्रत्येकात असणारा तेजोमय पुरुष हाच आत्मा, असे उपनिषद लगेच म्हणते, आणि नेमक्या त्या वाक्यावर, असा आत्मा न मानणारा बौद्ध वाचक थबकेल.