मदत हवी आहे : प्रवाळ माशांच्या पाट्यांवर नेमकी कोणती शास्त्रीय नावं घालायची?

खाडीकाठ (नेरूळ)

नमस्कार मंडळी. नेरूळमधल्या एका महाविद्यालयाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मराठी पाट्या करायच्या आहेत. बिलावर दुकानाने लिहिलेली नावं अशी : निमो (२ नग), बेबी एंजल निळा, मूरिश आयडॉल, ब्लू टँग, पर्पल टँग, कॉलर बटरफ्लाय. फोटो जोडले आहेत. अडचणी :

१. निमो म्हणजे ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस की ॲम्फिप्रिऑन परक्युला?
२. बेबी एंजल गडद निळा आहे, अंगावर पांढऱ्या आणि फिकट निळ्या रेषा. पुस्तकातल्या मोठ्या माशांपैकी एकाशीही जुळत नाही.
३. काही नावांपुढे संशोधकाचं नाव कंसात आहे, काहींपुढे कंसाशिवाय. ब्लॉख, १७८७ हे तर दोन्ही प्रकारे दिसलं. छपाईची चूक आहे का?
४. पर्पल टँगचं नाव एकीकडे झेब्रासोमा झँथुरस, दुसरीकडे झँथुरम. बरोबर कोणतं?

पाट्या गुरुवारी ठाण्याला छापायला जाणार आहेत.

शिंपला

निमोचं सांगतो. पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेची काळी रेघ जाड असेल तर परक्युला, केसासारखी बारीक असेल तर ओसेलारिस. तुमच्या फोटोत बारीक आहे, म्हणजे दोन्ही ओसेलारिस.

डोलकाठी

शिंपला, एवढ्यावर पाटी छापू नये. परक्युलाच्या पिल्लांत काळी कड बारीकच असते, वयाबरोबर जाड होते. पाठीवरच्या पराचे काटे मोजा. ओसेलारिसला बहुधा ११, परक्युलाला बहुधा १०.

मोजताना हमखास चूक होते ती पहिल्या काट्यापाशी. तो आखूड असतो आणि कातडीत दडलेला असतो. तो सुटला की ११ चे १० होतात आणि मासा कागदावर परक्युला बनतो! दुसरी चूक मागच्या टोकाला. काटा सरळ, टोकदार आणि अखंड असतो. त्यामागची मऊ काडी सांध्यासांध्यांची असते आणि टोकाला फाटते. पहिली फाटलेली काडी दिसली की काट्यांची मोजणी थांबवायची.

मासा जाळीत धरून मोजू नका. टाकीची काच आतून-बाहेरून पुसा, कॅमेरा काचेला काटकोनात ठेवा, फ्लॅश बंद, उजेड वरून, शटर १/२५० किंवा त्याहून जलद. दुसरा मासा जवळ आला की क्लाऊन (म्हणजे तुमचा निमो) पाठीवरचा पर ताठ उभारतो. त्या क्षणी सलग १५-२० फोटो घ्या आणि तीन वेगळ्या फोटोंत आकडा सारखा आला तरच धरा.

मूळ ठिकाणही विचारा. अंदमानच्या समुद्रातून पकडलेला असेल तर प्रश्न मिटला, तिथे ओसेलारिस आहे, परक्युला नाही. परक्युला क्वीन्सलंड, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआटू या भागातला. हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रातला असेल तर मात्र दोन्ही जातींचा संकरही असू शकतो, मग काट्यांचा आकडाही निर्णायक नाही. अशा वेळी वंशाचं नाव (इथे ॲम्फिप्रिऑन) आणि पुढे ‘सीएफ. ओसेलारिस’ लिहावं, म्हणजे ‘ओसेलारिसशी ताडून पाहावा असा’. ही पळवाट नव्हे, अशा वेळी लिहिण्याची मान्य रीत आहे.

कालवं

कंस ही चूक नाही, नियम आहे. संशोधकाने जात ज्या वंशात वर्णिली, त्याच वंशात ती आजही असेल तर कंस नाही. वंश बदलला असेल तर नाव आणि साल दोन्ही कंसात. तुम्ही पाहिलेलंच उदाहरण घ्या. ब्लॉखने १७८७ मध्ये किटोडॉन कोलारे आणि किटोडॉन ॲन्युलारिस अशा दोन जाती वर्णिल्या. पहिली आजही किटोडॉनमध्येच आहे, म्हणून : किटोडॉन कोलारे ब्लॉख, १७८७. दुसरी पुढे पोमाकँथस वंशात गेली, म्हणून : पोमाकँथस ॲन्युलारिस (ब्लॉख, १७८७). तुमचा कॉलर बटरफ्लाय म्हणजे ही पहिलीच जात.

पर्पल टँगची गंमत व्याकरणाची आहे. ब्लाइथने १८५२ मध्ये त्याला अकँथुरस झँथुरस म्हटलं, तेव्हा वंशाचं नाव पुल्लिंगी होतं. झेब्रासोमातलं ‘सोमा’ ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणही बदललं : झेब्रासोमा झँथुरम (ब्लाइथ, १८५२). आपण ‘पिवळा’चं ‘पिवळं’ करतो तसंच. पण जातीचं नाव विशेषण नसून नाम असेल तर ते बदलत नाही. एंजलमधल्या एका जातीचं नाव इम्पेरेटर, म्हणजे सम्राट, कुठल्याही वंशात गेला तरी इम्पेरेटरच.

ब्लू टँगला फक्त ब्लू टँग म्हणून सोडू नका. अटलांटिकमधल्या अकँथुरस सेरुलियसलाही इंग्रजीत हेच नाव आहे. तुमच्या फोटोतला पिवळ्या शेपटीचा, अंगावर काळी नक्षी असलेला मासा पॅराकँथुरस हेपाटस (लिनियस, १७६६) आहे.

खाडीकाठ (नेरूळ)

मनापासून आभार. एका क्लाऊनचे काटे चार फोटोंत ११ भरले. दुसऱ्याचा मागचा भाग स्पष्ट येत नाही. दोन्ही हॅचरीचे आहेत असं दुकानाने सांगितलं. एंजल आणि मूरिश राहिलेत.

डोलकाठी

मग दोघांनाही सीएफ. लावा.

एंजलच्या बाबतीत रंगावर जाऊ नका, रेषांची चाल पाहा. पोमाकँथस वंशातली बरीच पिल्लं अशीच निळी-पांढरी असतात. शेपटीच्या बुडाशी एकात एक पूर्ण वर्तुळं : इम्पेरेटर. अर्धवर्तुळाकार कमानी : सेमिसर्क्युलेटस. वरून खाली जवळजवळ सरळ रेषा : ॲन्युलारिस. तुमच्या फोटोत रेषा सरळ आहेत, म्हणून ॲन्युलारिस. मोठेपणी तो तपकिरी-सोनेरी होईल, निळ्या रेषा मागे वरच्या बाजूला वळतील आणि कल्ल्यांच्या वर निळं कडं उमटेल. पाटीवर पिल्लू आणि प्रौढ अशी दोन्ही चित्रं द्याच. या फरकाने जाणकारही फसलेत. इम्पेरेटरच्या पिल्लालाच १८०१ मध्ये ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात किटोडॉन निकोबारिएन्सिस असं वेगळं नाव मिळालं होतं. इम्पेरेटर हे नाव १७८७ चं, म्हणजे आधीचं, म्हणून तेच टिकलं.

एंजल आणि बटरफ्लाय शेजारी आहेत, तर मुलांना फरक दाखवता येईल. एंजलच्या गालावर, कल्ल्यांच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात, मागे रोखलेला ठळक काटा असतो. बटरफ्लायला तो नसतो. कुलं वेगळी : पोमाकँथिडी आणि किटोडॉन्टिडी.

कालवं

फोटोतला मूरिश आयडॉल हा मूरिश आयडॉल नाही. खऱ्याची, म्हणजे झँक्लस कॉर्न्युटसची, शेपटी काळी असते. तुमच्याची पिवळी आहे, म्हणजे हेनिओकस. झँक्लसचं कुल वेगळं, हेनिओकस बटरफ्लायच्या कुलातला. हेनिओकसमध्येही दोन जाती सारख्या दिसतात : ॲक्युमिनाटसला पाठीवर बहुधा ११ काटे, डिफ्र्युटीसला बहुधा १२. पुन्हा तीच मोजणी.

शिंपला

माझं क्लाऊनचं उत्तर घाईचं होतं, डोलकाठींचं धरा. पाटीच्या मांडणीबद्दल दोन गोष्टी. शास्त्रीय नाव नियमानुसार लॅटिन अक्षरांतच ग्राह्य असतं, म्हणून वर रोमन लिपीत तिरप्या ठशात आणि खाली वाचण्यासाठी देवनागरीत लिहा. संशोधकाचं नाव तिरपं नको. दुसरं, ‘प्रजाती’ हा शब्द टाळा. काही पुस्तकांत तो वंशासाठी वापरतात, वर्तमानपत्रांत जातीसाठी, आणि विद्यार्थी गोंधळतात. ‘वंश’ आणि ‘जाती’ लिहा. छापायच्या आधी प्रत्येक नाव एशमेयरच्या मत्स्य-सूचीत (माशांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन यादीत) तपासून, पाहिल्याची तारीख पाटीच्या मागे नोंदवा.

खाडीकाठ (नेरूळ)

हेनिओकसचे काटे तीन फोटोंत मोजले, आखूड पहिला धरून ११. हेनिओकस ॲक्युमिनाटस (लिनियस, १७५८) असं लिहितेय. कंस हवा ना?

कालवं

हवा. लिनियसने त्यालाही किटोडॉनमध्येच घातलं होतं.