मदत हवी आहे: आमचा पगार बाँडसारखा धरायचा की शेअरसारखा?

मंडळी, घरातल्या गुंतवणुकीचं गणित मांडायला बसलेय आणि दोन आठवडे एकाच जागी अडकलेय. माझं आणि नवऱ्याचं वय 34, दोघंही नोकरीत आणि दोघंही एकाच क्षेत्रात, घोळ नेमका तिथेच आहे.

तरुणपणी शेअरमध्ये जास्त ठेवा, वय वाढेल तसं कमी करा, असं सगळेच सांगतात. त्यामागचं कारण मला बोडी, मर्टन आणि सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांच्या 1992 च्या मांडणीतून कळलं. पुढे मिळणारा पगार हीसुद्धा संपत्तीच, म्हणजे मानवी भांडवल, आणि तो खात्रीचा असेल तर आपल्याकडे आधीच एक मोठा बाँड, म्हणजे ठरलेलं उत्पन्न देणारी गुंतवणूक, आहे, मग बचत शेअरमध्ये घालायला हरकत नाही.

मग मी आकडे घातले. साठीपर्यंत 26 वर्षं, पगार महागाईइतकाच वाढेल असं धरून पुढच्या सगळ्या पगारांची महागाई वगळून 3 टक्के व्याजदराने आजची किंमत काढली तर दोघांच्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास 18 पट आली. बचत 3 पट. एकूण 21, त्यातले 40 टक्के शेअरमध्ये हवेत म्हटलं तर 8.4 पट, म्हणजे सगळी बचत घालूनही कमीच. पण हाच पगार अर्धा शेअरसारखा, म्हणजे बाजाराबरोबर वरखाली होणारा, धरला तर 9 पट तिथेच झाले आणि बचतीतला एक पैसाही शेअरमध्ये नको! बरं, जोखमीच्या पगाराला 3 टक्के दर कमीच, 8 टक्के धरला तर 18 चे 11 होतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. मागच्या मंदीत नवऱ्याच्या पगारकपातीची मेल आली त्याच सकाळी मी फंडाचं स्टेटमेंट उघडलं होतं, दोन्ही आकडे एकदमच खाली. तेव्हापासून तो बाँड मला बाँड वाटतच नाही.

त्यात मला वर्षभर बिनपगारी रजा घेऊन वेगळ्या क्षेत्रातलं शिक्षण घ्यायचंय. शिकायचं तर लवकरच, वसुलीला वर्षं जास्त मिळतात, हे पटतं. पण फी आणि घरखर्च बचतीतूनच जाणार आणि अडीअडचणीला डिग्री विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. तरी एकाचा पगार वेगळ्या क्षेत्रातून येणं हेच आमचं खरं डायव्हर्सिफिकेशन, म्हणजे जोखीम विभागणं, असं माझं मत झालंय.

तर पगार किती टक्के शेअरसारखा हे ठरवायचं कसं? दहा वर्षांची पगारवाढ बाजाराच्या चढउताराशी ताडून पाहिली तर तेवढे आकडे पुरतात का? आणि फीचे पैसे आत्ताच शेअरमधून काढून मुदत ठेवीत टाकू का? सल्लागाराने फक्त वय विचारलं, नोकरी कसली ते विचारलंच नाही, म्हणून इथे विचारतेय.