अलक शंभर शब्दांत बसत नाहीये, मार्गदर्शन हवे

नमस्कार. आमच्या कोथरूडच्या वाचनगटात या महिन्यात प्रत्येकाने एक अलक (अति लघुकथा) लिहून आणायची आहे. मर्यादा शंभर शब्द. माझी गोष्ट दोनशेच्या खाली उतरतच नाही. नारायण पेठेतला वाडा, पानशेतच्या पुरात गेलेला आजोबांचा धाकटा भाऊ, भिंतीवर पाण्याची रेघ. दिवाळीआधी रंग दिला की रेघ झाकली जाते आणि आजोबा ती पुन्हा ओढतात. (गोष्ट कल्पित आहे, पण अशी रेघ मी लहानपणी पाहिली आहे.) सुरुवात अशी:

‘12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार माजला. आजोबा तेव्हा तरुण होते. त्या दिवशी त्यांनी आपला लाडका धाकटा भाऊ कायमचा गमावला. ते दुःख त्यांच्या मनातून कधीच गेले नाही...’

शब्द काढायला गेले की गोष्ट पातळ होते. काय काढू? आणि वाचू काय?

प्रतिसाद 1

ताई, शब्द खुडत बसू नका, वाक्यंच्या वाक्यं काढा. वर दिलेली चारही गोष्टीच्या आधीची आहेत. तुमची गोष्ट रंगारी गेल्यावर सुरू होते, तिथूनच लिहा. दुःख गेलं नाही हे रेघ ओढणारा हात सांगतोच आहे.

दुसरं म्हणजे मराठीकडून काम करून घ्या. ‘जेवलीस का?’ एवढ्यात समोर बाई आहे आणि विचारणारं माणूस जवळचं किंवा वडीलधारं आहे हे आलं. ‘जेवलात का?’ म्हटलं की नातं बदललं. कर्ता तर कितीदा गाळता येतो, क्रियापद त्याला धरून असतं. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द, म्हणून इंग्रजीतल्या सहा शब्दांच्या गोष्टींशी मोजामोज करू नका. (बाळाच्या बुटांची ती प्रसिद्ध गोष्ट हेमिंग्वेच्या नावावर सांगतात, पण त्यानेच लिहिल्याचा पुरावा नाही.)

‘लाडका’, ‘कायमचा’, ‘हाहाकार’ हे शब्द वाचकाला आधीच रडायला सांगतात. ते गेलेच पाहिजेत.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत, फक्त कापता कापता कोडं करू नका. मी बरीच वर्षं अलक लिहितोय. माझ्या फसलेल्या बहुतेक गोष्टींत शेवटच्या ओळीत धक्का द्यायचा हट्ट होता. धक्का एकदाच बसतो. चांगली अलक दुसऱ्यांदा वाचली तरी धरून ठेवते. तुमच्याकडे रेघ आहे. धाकट्याची उंची त्या रेघेपेक्षा किती कमी होती, एवढंच दाखवा.

वाचायला उर्दू कथाकार मंटोचं ‘सियाह हाशिये’ घ्या, 1948 चं. फाळणीवरच्या छोट्या छोट्या नोंदी आहेत, काही तर दोन-तीन ओळींच्या, आणि लेखक मध्ये येऊन कुठेही हळहळत नाही. त्यानंतर खांडेकरांच्या रूपककथा वाचा. त्या वेगळ्या जातीच्या, तात्पर्याकडे झुकणाऱ्या. मला मंटो जास्त जवळचा. दोन्ही अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा, नाहीतर पुणे मराठी ग्रंथालयात बघा, ते तुमच्या गोष्टीच्याच पेठेत आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसले. आधी साठ झाले, मग हे उरलं:

‘रंगारी गेल्यावर आजोबा स्टुलावर चढले. पुराची रेघ पेन्सिलीने पुन्हा ओढली. खाली उतरून हात कमरेशी धरला. “धाकटा एवढा होता.”’

अठरा शब्द. मोठ्याने वाचताना शेवटी माझाच आवाज अडकला. पण पुण्याबाहेरच्या वाचकाला कुठला पूर ते कसं कळणार? एक वाक्य घालू का?

प्रतिसाद 1

वाक्य नको, शीर्षक द्या: ‘12 जुलै 1961’. पुणेकराला नुसती तारीख पुरते, बाहेरच्याला साल लागेल. आणि ‘खाली’ काढा, स्टुलावरून उतरणारा माणूस खालीच येतो.