शब्दचर्चा: 'अधिवास विखंडन' म्हणावं की 'रानाचे तुकडे'?

कोथरूडकर: वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्यांसाठी एका फलकाचा मजकूर लिहितोय. रस्ते, कुंपणं, इमारती मध्ये आल्या की सलग रान तुटून त्याची बेटं होतात, याला पुस्तकात 'अधिवास विखंडन' म्हणतात. पण 'अधिवास' म्हटलं की लोकांना तहसील कचेरीतला दाखला आठवतो, आणि 'विखंडन' म्हटलं की अणू. दुसरा शब्द सुचवा.

पेठकर: 'अधिवास' राहू द्या, शाळेतल्या मुलांना तो कळतो. 'विभाजन' मात्र नको. विभाजनात नुसती वाटणी आहे, तुटणं नाही.

जुन्नरकर: शब्द आपल्या सातबाऱ्याच्या भाषेतच आहे. 1947 च्या कायद्याला गावात 'तुकडेबंदी-तुकडेजोड' म्हणतात. जमिनीचे तुकडे पडले की काय होतं, हे शेतकऱ्याला समजवावं लागत नाही. वाटणी झाली की बांध वाढतात. रानाचंही तेच. एक किलोमीटर लांब-रुंद चौकोनी रान घ्या, त्याला काठ चार किलोमीटरचा. मधून एक रस्ता काढला की काठ सहा किलोमीटरचा होतो. रस्त्याखाली जागा थोडीच गेली, पण ऊन, वारा, घाणेरी, भटकी कुत्री सगळी काठानंच आत शिरतात.

आमच्या भीमाशंकरचं शेकरू बघा. वीस फुटांची उडी मारून या झाडावरून त्या झाडावर जातं, जमिनीला सहसा पाय लावत नाही. फांद्यांची जोड तुटली की बिचाऱ्याला खाली उतरावं लागतं. तो क्षण मी पाहिलाय: शेपूट ताठ, दोनदा पुढे येऊन दोनदा मागे फिरलं. म्हणून मला 'तुटणे' हेच क्रियापद खरं वाटतं.

पेठकर: मग 'कॉरिडॉर'ला, म्हणजे रानाचे दोन तुकडे जोडणाऱ्या जनावरांच्या वाटेला, काय म्हणाल? 'भ्रमणमार्ग' रुळलाय, पण भ्रमण म्हणजे सहल वाटते. जनावर काही हौसेनं फिरत नाही. तुकड्यात अडकलेल्यांची सोयरीक घरातल्या घरात होते आणि वाण खालावतो. त्यासाठी त्याला पलीकडे जावंच लागतं.

जुन्नरकर: 'तुकडेजोड'च म्हणा की! पेंचमधून जाणाऱ्या 44 क्रमांकाच्या महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा सोडल्यात, तिथून वाघ गेलेले कॅमेऱ्यात दिसलेत. ती तुकडेजोडच.

कोथरूडकर: दादा, मनापासून आभार. मजकूर असा केलाय: 'रानाचे तुकडे पडले की काठ वाढतो आणि आतलं रान आक्रसतं. शेतासाठी तुकडेबंदी आहे, रानासाठीही हवी.' 'आक्रसतं' सगळ्यांना कळेल ना, की सरळ 'कमी होतं' लिहू?

जुन्नरकर: आक्रसतंच ठेवा.