टीव्हीवरच्या ‘तज्ज्ञ’ लोकांची लायकी तपासायची कशी?

मिरजकर:
सकाळी सव्वानऊला बिझनेस चॅनल आणि संध्याकाळी मराठी न्यूज चॅनलवरची चर्चा हा आमच्या बाबांचा रोजचा नेम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हल्ली ते टीव्हीवर आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून शेअर घ्यायला लागलेत आणि मी काही बोललो की “अरे तो एक्स्पर्ट आहे, खाली लिहिलंय बघ” हे ठरलेलं उत्तर. म्हणून मी खाली काय लिहितात ते नीट बघायला लागलो, तर नुसतं ‘मार्केट एक्स्पर्ट’. बस. संध्याकाळच्या चर्चेत तर अजून गंमत, एकच गृहस्थ निवडणुकीच्या वेळी ‘राजकीय विश्लेषक’, बजेटच्या दिवशी ‘आर्थिक घडामोडींचे अभ्यासक’ आणि तिकडे इस्रायल-इराण पेटलं की ‘आंतरराष्ट्रीय संबंधांचे जाणकार’. माणूस तोच, जॅकेटसुद्धा तेच.

तर प्रश्न असा की ही बिरुदं देतं कोण? काही नोंदणी, परीक्षा, काही भानगड असते का? आणि आपल्यासारख्यानं तपासायचं कसं? कुठला पक्ष चांगला कुठला वाईट यावर धागा नेऊ नका प्लीज, तेवढ्यासाठी व्हॉट्सअॅप आहे.

माजी_डेस्कवाला:
बरीच वर्षं चॅनलच्या गेस्ट डेस्कवर काढली आहेत, कुठल्या ते विचारू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बिरुद पाहुणा स्वतःच देतो. खरंच. गेस्ट कोऑर्डिनेटर फोनवर विचारतो “सर अॅस्टनमध्ये काय टाकू?”, अॅस्टन म्हणजे स्क्रीनच्या खाली नाव येतं ती पट्टी, आणि सर जे सांगतील ते टाइप होतं. सर म्हणाले ज्येष्ठ विश्लेषक की ज्येष्ठ विश्लेषक. कोणी सर्टिफिकेट मागत नाही, मागायला वेळही नसतो, कारण विषय दुपारच्या मीटिंगमध्ये ठरतो, तो पाच वाजता बदलतो, आणि आठच्या शोला स्क्रीनवरच्या सहा खिडक्या भरायच्या असतात.

मग बोलवायचं कुणाला? जो फोन उचलतो. ज्याच्या घरी नेट बरं आहे आणि मागं पुस्तकांचं कपाट आहे. जो “हो” किंवा “नाही”नं वाक्य सुरू करतो. आमच्याकडे सहकार क्षेत्रावर आयुष्य घालवलेले एक प्राध्यापक आले होते, अँकरनं विचारलं कारखाने कुणामुळे बुडाले, ते म्हणाले याची चार-पाच कारणं आहेत आणि जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी आहेत. इअरफोनमध्ये प्रोड्यूसर ओरडतोय ‘कट कर, कट कर’. पुन्हा कधी बोलावलं नाही त्यांना. त्यांच्या जागी जो यायला लागला त्याला ऊस आणि गूळ यापलीकडे फार माहिती नव्हती, पण समोरच्याला बोलू द्यायचा नाही.

पैशाचं म्हणाल तर बहुतेकांना काही मिळत नाही, मोजक्या लोकांशी करार असतो. फुकट येतात ते का येतात हा विचार तुम्हीच करा. तिकीट, महामंडळ, क्लासची जाहिरात, काहीतरी असतंच. क्वचित खरी तळमळ पण असते, नाही असं नाही.

सदाशिव_पेठी:
२००६ साली बीबीसीनं तर कहर केला होता. अॅपल कंपनी आणि बीटल्सवाल्यांची अॅपल कॉर्प्स यांच्या कोर्टकज्ज्यावर बोलायला गाय क्यूनी नावाचा टेक्नॉलॉजी पत्रकार बोलावलेला. त्याच वेळी गाय गोमा नावाचा एक मूळचा काँगोचा माणूस तिथे नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी येऊन बसलेला. नाव ऐकून त्यालाच उचलून स्टुडिओत बसवला आणि थेट प्रक्षेपणात प्रश्न सुरू. त्याचा चेहरा बघा एकदा, व्हिडिओ आहे, ‘एक्स्पर्ट’ अशी ओळख करून दिली तेव्हाचा. पण बिचारा सावरला आणि इंटरनेटवरून गाणी डाउनलोड करणं वाढणार वगैरे उत्तरं दिलीन. आणि मुख्य म्हणजे ती उत्तरं चुकीची नव्हती!

आमच्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तो ‘ज्येष्ठ’ झाला असता.

डीमॅट_काकू:
मिरजकर, राजकारणाचं मला माहीत नाही पण शेअरच्या बाबतीत तुमच्या बाबांसाठी पक्कं उत्तर आहे. इथे नोंदणी आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी नियामक संस्था, तिचे रिसर्च अॅनालिस्टसाठी (शेअरचा अभ्यास करून घ्या-विका सांगणारे) २०१४ चे नियम आहेत आणि इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरसाठी (फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणारे) २०१३ चे. रिसर्च अॅनालिस्टला एनआयएसएमची (सेबीनंच काढलेली शिक्षणसंस्था) परीक्षा द्यावी लागते, नंबर मिळतो तो ‘आयएनएच’नं सुरू होतो, अॅडव्हायझरचा ‘आयएनए’नं. सेबीच्या साइटवर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, तिथे नाव टाकून बघायचं, दोन मिनिटांचं काम. टीव्हीवर शेअर सुचवताना नोंदणी आहे की नाही आणि त्या शेअरमध्ये स्वतःचा हितसंबंध आहे का हे सांगणं बंधनकारक आहे. शिवाय ज्या शेअरवर रिपोर्ट काढला त्यात आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ५ दिवस स्वतः व्यवहार करायचा नाही असाही नियम आहे.

आता असे नियम का लागतात ते पण बाबांना सांगा. २०२४ च्या फेब्रुवारीत सेबीनं झी बिझनेसवर येणाऱ्या काही गेस्ट एक्स्पर्टांच्या प्रकरणात अंतरिम आदेश काढला होता. सेबीचं म्हणणं असं की हे लोक कुठला शेअर सांगणार ते आधीच काही जणांना कळवायचे, ते आधी खरेदी करून ठेवायचे, मग टीव्हीवर टिप आली की आपल्यासारखे लोक धावत घ्यायला जातात, भाव वर जातो, आणि त्या भावाला ते विकून मोकळे. ७ कोटी ४१ लाख रुपये जप्त करायचा आदेश होता. त्याच्या आधी २०२१ च्या जानेवारीत सीएनबीसी आवाजच्या एका अँकरवर कारवाई झाली, तिथे खरेदी घरच्यांच्या खात्यातून झाल्याचं सेबीनं म्हटलं होतं. म्हणजे बघा, तो माणूस हुशार नव्हता असं नाही, त्याला शेअर कळत होते, फक्त तो तुमच्यासाठी बोलत नव्हता.

मिरजकर:
काकू धन्यवाद, हे एकदम कामाचं. पण मग नोंदणी असलेला म्हणजे विश्वासू असं धरायचं का?

डीमॅट_काकू:
अजिबात नाही. नोंदणी म्हणजे चुकला तर पकडायला गचांडी आहे, एवढंच. टिप बरोबर येईल याची हमी सेबी देत नाही.

स्टॅट्सवाली:
मला इथे एक्झिट पोलवाले आणि विश्लेषक यांच्यात फरक करायचाय, कारण लोक दोघांना एकाच काठीनं हाणतात. २०२४ च्या लोकसभेला अॅक्सिस माय इंडिया या सर्व्हे एजन्सीनं एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, आल्या २९३. बाजार ३ जूनला त्या आकड्यांवर अडीच हजार अंकांनी वर आणि ४ जूनला सेन्सेक्स जवळपास ४४०० अंकांनी खाली, कितीतरी लोकांचे पैसे गेले. एजन्सीचे प्रमुख प्रदीप गुप्ता कॅमेऱ्यासमोर रडले, त्यांची खूप टिंगल झाली. पण मी म्हणते टिंगल करता आली कारण त्यांनी आकडा दिला होता! लेखी, तारखेसकट. त्याच एजन्सीनं नोव्हेंबरच्या विधानसभेला महायुतीला १७८ ते २०० दिल्या, आल्या २३०. दिशा बरोबर, आकडा कमी. हे सगळं आपल्याला तपासता येतं.

आता त्याच काळातल्या विश्लेषकांची वाक्यं आठवा. ‘लढत चुरशीची आहे’. ‘सुप्त लाट नाकारता येत नाही’. ‘लाडकी बहीणचा परिणाम होईल, पण किती हे सांगणं कठीण’. ‘मराठा फॅक्टर निर्णायक ठरू शकतो’. यातलं कुठलं वाक्य चूक ठरवून दाखवा बरं? निकाल काहीही लागो, माणूस रात्री परत येऊन ‘मी म्हटलंच होतं’ म्हणतो. लोकसभेला महाराष्ट्रात ४८ पैकी ३० मविआला आणि पाच-सहा महिन्यांत विधानसभेला पार उलटं, या दोन्ही निकालांची कारणं त्याच लोकांनी तितक्याच खात्रीनं सांगितली, पण निकालानंतर. आधी कुणी एवढा फरक सांगितला असेल तर मला लिंक द्या, मी वाट बघतेय.

फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे पद्धतशीर मोजलंय. २८४ तज्ज्ञ घेतले, वीसेक वर्षं त्यांच्याकडून शक्यता आकड्यात लिहून घेतल्या आणि मग काय झालं ते ताडून पाहिलं. मीडियात जास्त दिसणारे लोक कमी दिसणाऱ्यांपेक्षा अंदाजात कच्चे निघाले. कारणही माजी_डेस्कवाला यांनी वर सांगितलंच आहे, एकच मोठी थिअरी घेऊन ठामपणे बोलणारा टीव्हीला आवडतो आणि अंदाजात तोच जास्त आपटतो. त्यामुळे मी डिग्री बघत नाही. मागच्या वेळी काय म्हणाला होता ते यूट्यूबवर शोधते, सगळं पडलेलं असतं तिथे.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून. डिग्रीचा आणि अनुभवाचा मुद्दा निघालाय म्हणून सांगतो, इराक युद्धाच्या वेळी इथल्या प्रत्येक चॅनलवर निवृत्त जनरल बसलेले असायचे. अनुभव शंभर टक्के खरा, छातीवर पदकं खरी. २००८ साली न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की यातल्या अनेकांना पेंटॅगॉन, म्हणजे इथलं संरक्षण खातं, खास ब्रीफिंग देऊन काय बोलायचं ते पुरवत होतं आणि बऱ्याच जणांचे संरक्षण कंत्राटदार कंपन्यांशी धंद्याचे संबंध होते. प्रेक्षकांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्या बातमीला पुढच्या वर्षी पुलित्झर, म्हणजे इथला पत्रकारितेतला मोठा पुरस्कार, मिळाला. म्हणून माझा प्रश्न ‘याला कळतं का’ हा नसतोच, ‘याचा पगार कोण देतं’ हा असतो.

कोकणी_माणूस:
सगळं बरोबर पण जो चुकतो आणि मान्य करतो त्याचं काय होतं ते पण बघा. सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेचे संजय कुमार, निवडणूक सर्व्हेत आयुष्य गेलेला माणूस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रामटेक आणि देवळालीत लोकसभा ते विधानसभा मतदार एकदम घटले असे आकडे ट्विट केले. आकडे चुकीचे होते, टीमनं तक्त्यातली ओळ चुकीची वाचली म्हणाले. दोन दिवसांत पोस्ट काढली, जाहीर माफी मागितली. चूक मोठी होती, वातावरण तापलेलं असताना तर फारच, याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्यावर नागपूर आणि नाशकात गुन्हे दाखल झाले, शेवटी सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ८ तारखेच्या रात्री, आपल्या कितीतरी चॅनलांनी बातम्यांमध्येच कराची बंदर उद्ध्वस्त केलं. पॅनेलवरचे एक्स्पर्ट नकाशावर काठी फिरवत सांगत होते की आता पुढे काय. ११ मेला नौदलाच्या व्हाइस अॅडमिरलनी पत्रकार परिषदेत सांगितलं की आपण कराचीसकट लक्ष्यांवर मारा करण्याच्या तयारीत होतो. तयारीत! त्या रात्री नकाशापुढे उभे असलेले किती जण परत दिसायचे बंद झाले सांगा? मला तर एकही आठवत नाही, उलट खिडकी मोठी झाली काहींची.

स्टॅट्सवाली:
+१. आकडा दिला की पकडले जाता, नुसता आवाज चढवला की कुणी विचारत नाही.

सदाशिव_पेठी:
स्टॅट्सवाली ताई, एक सुचवू का, अॅस्टनमध्येच मागच्या पाच अंदाजांचा स्कोअर टाकायचा. फलंदाज आला की सरासरी दाखवतात ना. ‘ज्येष्ठ विश्लेषक, ५ पैकी १’.

मिरजकर:
हाहा. पण सीरियसली, माजी_डेस्कवाला, स्कोअर राहू दे, निदान जो पक्षाचं काम करतो किंवा ज्याची पीआर एजन्सी आहे त्याच्या नावाखाली तेवढं तरी का लिहीत नाही? काकूंच्या क्षेत्रात सेबी हितसंबंध सांगायला लावते, मग इथे का नको? मला वाटतं बाबांना पण तेवढं कळलं तरी पुरे, पुढचं ते ठरवतील, बँकेत होते, अडाणी नाहीत.

माजी_डेस्कवाला:
प्रयत्न करून झालाय. एका शोला आम्ही एकाच्या नावाखाली तो ज्या नेत्याचं सोशल मीडिया सांभाळायचा ते लिहिलं, खरं होतं, त्यानंच मला चहा पिताना सांगितलेलं. ब्रेकमध्ये फोन आला, आरडाओरडा, पुढच्या सेगमेंटला परत ‘राजकीय विश्लेषक’. वरून मला झापलं. कारण तो उठून गेला तर नऊला समोरच्या चॅनलवर बसणार, तिथे त्याला कोणी असलं काही लिहीत नाही. सगळ्या चॅनलांनी एकदम केलं तरच होईल आणि सगळी चॅनलं एकदम फक्त ब्रेक घेतात.

बाबांना म्हणावं पक्षाचे अधिकृत प्रवक्ते असतात ना, ते निवांत ऐका. त्यांच्या नावाखाली खरं लिहिलेलं असतं.