ग्रो हार्लेम ब्रुंटलँड : निवडणूक न जिंकता तीन वेळा पंतप्रधानपद कसे मिळाले?

रेवती_सातारा
सप्रेम नमस्कार. आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मला नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या राजकीय कारकिर्दीवर बोलायचे आहे. आपल्याकडे हे नाव स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असते, पण 'शाश्वत विकासाची व्याख्या : ब्रुंटलँड आयोग, १९८७' या एका ओळीपलीकडे ते जात नाही. म्हणून त्यांच्या पंतप्रधानपदाच्या तारखा वहीत एका खाली एक लिहून काढल्या आणि तिथेच अडले.

त्या फेब्रुवारी १९८१ ते ऑक्टोबर १९८१, मे १९८६ ते ऑक्टोबर १९८९ आणि नोव्हेंबर १९९० ते ऑक्टोबर १९९६ अशा तीन वेळा पदावर होत्या. नॉर्वेत त्या काळातल्या निवडणुका मात्र १९८१, १९८५, १९८९ आणि १९९३ या वर्षांच्या सप्टेंबरमध्ये झाल्या. म्हणजे तिन्ही वेळा त्या पदावर आल्या तेव्हा निवडणूक झालेलीच नव्हती, आणि दोनदा पद गेले ते नेमके निवडणुकीनंतर. मग त्यांना बहुमत कोठून मिळाले? आपल्याकडे होतात तशी आमदारांची फोडाफोडी तिथे झाली होती का? आणि १९९४ मध्ये युरोपीय संघाच्या प्रश्नावर सार्वमत हरल्यावरही त्या पदावर कशा राहिल्या? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दत्ता_मास्तर
रेवतीताई, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, आणि तिचे उत्तर ब्रुंटलँडबाईंपेक्षा नॉर्वेच्या संसदेच्या रीतीत अधिक सापडते. फोडाफोडी झालेली नाही. त्यांना बहुमत कधीच मिळाले नव्हते; तिन्ही सरकारे एकट्या मजूर पक्षाची आणि अल्पमतातली होती.

आपल्या डोक्यात राज्यपाल, पाठिंब्याची पत्रे आणि बहुमत चाचणी हा क्रम इतका पक्का बसलेला असतो की, त्याशिवाय सरकार ही कल्पनाच करवत नाही. नॉर्वेत नव्या सरकारला विश्वासदर्शक ठराव जिंकावा लागत नाही. मावळता पंतप्रधान कोणाला बोलवावे याचा सल्ला राजाला देतो, राजा त्या व्यक्तीकडे सरकार बनवण्याचे काम सोपवतो, आणि स्टोर्टिंग, म्हणजे तिथली संसद, स्पष्ट अविश्वास दाखवीत नाही तोवर ते सरकार चालते. सरकारच्या बाजूने बहुमत असण्याची गरज नसते, विरोधात बहुमत उभे राहिले नाही म्हणजे पुरते. याच्या जोडीला आणखी एक नियम आहे, आणि माझ्या मते सगळी मेख त्यातच आहे : स्टोर्टिंग मुदतीपूर्वी विसर्जित करता येत नाही. चार वर्षांसाठी निवडून आलेले सभागृह चार वर्षे राहतेच. मध्यावधी निवडणुकीचा मार्गच नसल्यामुळे सरकार पडले, तर त्याच सभागृहातून दुसरे उभे करावे लागते.

आता तुमच्या तीन तारखा घेऊ. १९८१ च्या आरंभी मजूर पक्षाचे पंतप्रधान ओद्वार नोर्दली यांनी प्रकृतीच्या कारणावरून पद सोडले आणि पक्षाने ४१ वर्षांच्या ब्रुंटलँड यांना पुढे केले. देशाच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्ष मागे पडला आणि कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे कोरे विलोक आले.

१९८६ ची कथा अधिक रंजक आहे. १९८५ च्या निवडणुकीत १५७ जागांपैकी विलोक यांच्या तीन पक्षांच्या आघाडीला ७८, मजूर पक्ष व डाव्या समाजवाद्यांना मिळून ७७ आणि प्रोग्रेस पक्षाला २ जागा मिळाल्या. या दोन जागांवर सरकार तगून होते. पुढे तेलाचे जागतिक भाव कोसळले, नॉर्वेच्या तिजोरीला मोठी गळती लागली, आणि विलोक यांनी खर्चकपातीच्या उपायांमध्ये पेट्रोलवरचा कर वाढवण्याचा प्रस्ताव आणून त्यावर सरकारचे भवितव्य पणाला लावले. त्या दोघांनी साथ सोडली आणि सरकार पडले. त्यांचा पक्ष विलोक यांच्याही उजवीकडचा होता, त्यामुळे मजूर पक्षाला सत्ता द्यावी असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. पण निवडणूक घेता येत नव्हती, आणि सर्वांत मोठा पक्ष तोच होता. ९ मे १९८६ रोजी ब्रुंटलँड पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि लगोलग नॉर्वेजियन क्रोनचे सुमारे १२ टक्क्यांनी अवमूल्यन करावे लागले.

१९८९ मध्ये मजूर पक्षाचे ६३ सदस्य निवडून आले आणि उजव्या-मधल्या तीन पक्षांचे मिळून ६२. तरीही यान सीसे यांचे सरकार या ६२ वर आले, कारण प्रोग्रेस पक्षाच्या २२ जणांनी ते येऊ दिले. वर्षभरातच आघाडीतला सेंटर पक्ष, म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष, युरोपशी करार करताना परदेशी माणसांना जमीन व उद्योग विकत घेऊ द्यायचे का या प्रश्नावर बाहेर पडला. सरकार गेले आणि ब्रुंटलँड तिसऱ्यांदा आल्या. तेव्हा तुमच्या वहीत एक सुधारणा करा : पदावर असताना त्यांनी एक निवडणूक टिकवली, १९९३ ची. तीही ३६.९ टक्के मतांवर.

बर्गनकर
मास्तरांनी चौकट उत्तम मांडली आहे. मी गेली पंधरा वर्षे या देशात राहतो, म्हणून थोडी भर घालतो. ऑक्टोबर महिना दोनदा का येतो, हा रेवतीताईंच्या मनातला पुढचा प्रश्न असणार. इथे सप्टेंबरमध्ये निवडणूक हरलेले सरकार दुसऱ्या दिवशी जात नाही; ऑक्टोबरमध्ये नवे स्टोर्टिंग भरले की, आधी अर्थसंकल्प मांडते आणि मग राजीनामा देते. नव्या सरकारला काही आठवडे जुन्यांच्याच अर्थसंकल्पाशी झटापट करावी लागते. शिवाय मंत्री झालेल्या सदस्याची संसदेतली खुर्ची त्या काळापुरती त्याच्या राखीव सदस्याकडे जाते, त्यामुळे मंत्र्याला सभागृहात बोलता येते, मत मात्र देता येत नाही. ब्रुंटलँड १९७७ पासून ओस्लोतून निवडून येत होत्या, पण पंतप्रधान असताना सभागृहात त्यांचे स्वतःचे मत नव्हते.

इथे त्यांना कोणी आडनावाने संबोधत नाही. दुकानातली आजीबाईही 'ग्रो' असेच म्हणते, आणि त्यात अनादर नसतो. घर मूळचेच राजकारणातले. वडील गुडमुंड हार्लेम डॉक्टर होते आणि मजूर पक्षाच्या सरकारात समाजकल्याण व नंतर संरक्षण मंत्री होते. ग्रो स्वतः ओस्लोत डॉक्टर झाल्या, हार्वर्डला सार्वजनिक आरोग्य शिकून आल्या आणि ओस्लोच्या आरोग्य खात्यात शाळकरी मुलांच्या आरोग्याचे काम पाहत होत्या. गर्भपाताचा निर्णय स्त्रीचा असावा, या वादात त्या डॉक्टर म्हणून बोलू लागल्या आणि तिथून पक्षाच्या नजरेत भरल्या. १९७४ मध्ये त्या पर्यावरण मंत्री झाल्या. गंमत म्हणजे यजमान आर्ने ओलाव कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे! संसदेत ज्या पक्षाशी रोज दोन हात करायचे, त्याच पक्षाचा माणूस संध्याकाळी घरी.

देशाला त्या खऱ्या अर्थाने दिसल्या त्या एप्रिल १९७७ मध्ये. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ब्राव्हो नावाच्या फलाटावरची विहीर फुटली आणि आठ दिवस तेलाचा फवारा उडत राहिला. जीवितहानी झाली नाही, पण किनाऱ्यावरचा प्रत्येक मच्छीमार धास्तावला होता. तेलाचे खाते त्यांचे नव्हते, तरी पत्रकारांसमोर पर्यावरण मंत्री म्हणून उभे राहून काय झाले, काय चालले आहे, पुढे काय होऊ शकते हे लपवाछपवी न करता सांगणे त्यांनी केले. पुढे चार वर्षांत पक्षाने नोर्दली यांच्या जागी त्यांनाच का निवडले, याचे बरेचसे उत्तर या आठ दिवसांत आहे.

९ मे १९८६ च्या मंत्रिमंडळात त्यांच्यासह १८ पैकी ८ महिला होत्या. इथल्या रिवाजाप्रमाणे नवे मंत्री राजवाड्यातून बाहेर येऊन समोरच्या चौकात छायाचित्रकारांसाठी उभे राहतात. त्या दिवशीचे छायाचित्र इथल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत हमखास भेटते. हा त्यांचा एकटीचा पराक्रम समजू नये. मजूर पक्षाने १९८३ मध्येच पक्षातल्या पदांवर व उमेदवारीत स्त्री-पुरुष दोघांचाही वाटा किमान ४० टक्के असावा असा नियम केला होता. तो नियम त्यांनी मंत्रिमंडळाला लावला आणि नंतर तो मोडण्याची हिंमत फारशी कोणी केली नाही. १९९३ च्या निवडणुकीत तर तीन मोठ्या पक्षांच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवार स्त्रियाच होत्या : ग्रो, कंझर्व्हेटिव्ह पक्षाच्या काची कुलमन फिवे आणि सेंटर पक्षाच्या आन्ने एंगर लान्स्टाइन. बाळंतपणाची पगारी रजा त्यांच्याच काळात टप्प्याटप्प्याने वाढत पूर्ण पगारी ४२ आठवड्यांवर गेली आणि १९९३ मध्ये त्यातले ४ आठवडे बापासाठी राखून ठेवले. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. माझ्या मुलीच्या वेळी मी ही रजा घेतली तेव्हा कार्यालयात कोणी भुवईसुद्धा उंचावली नाही. तोवर हा वाटा बराच वाढलाही होता.

मुक्ताफळ
वरचे सर्व मान्य करून थोडा कडू घोट पाजते. व्याख्यानात त्यांची आरती होऊ नये एवढीच इच्छा.

पहिले, आल्टा. उत्तर नॉर्वेत, तिथल्या सामी आदिवासी लोकांच्या रेनडिअर चारण्याच्या प्रदेशात, आल्टा-काउटोकाइनो नदीवर धरण बांधण्याचा निर्णय मजूर पक्षाच्या सरकारचा, आणि त्या वेळी पर्यावरण मंत्री ब्रुंटलँडच होत्या. १९७९ मध्ये सामी तरुणांनी स्टोर्टिंगसमोर तंबू ठोकून उपोषण केले. जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ६०० पोलीस पाठवून बांधकामाच्या वाटेत बसलेल्या आंदोलकांना उचलण्यात आले. ब्रुंटलँड यांनी पदभार घेऊन आठवडाही झाला नव्हता, तोच सामी महिलांनी पंतप्रधान कार्यालयात ठिय्या दिला आणि शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर नेले. धरण झाले. पुढे तो प्रकल्प अनावश्यक होता हे खुद्द ब्रुंटलँड यांनी मान्य केले, पण तोवर नदी अडली होती. एवढे खरे की, या आंदोलनानंतर सामी हक्कांचा प्रश्न टाळणे कोणालाच शक्य राहिले नाही आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये सामी संसद सुरू झाली, तेव्हा सरकार त्यांचेच होते.

दुसरे, १९८७ मध्ये जगाला शाश्वत विकासाचा अहवाल देणाऱ्या बाईंच्याच सरकारने १९९३ मध्ये व्यापारी देवमासेमारी पुन्हा सुरू केली. मिंके जातीचे देवमासे पुरेसे आहेत, हा शास्त्रज्ञांचा हवाला त्यांनी दिला. जगभरच्या पर्यावरणवाद्यांना तो पटला नाही. तेल व वायूचे उत्पादनही त्यांच्या काळात वाढतच गेले.

दत्ता_मास्तर
मुक्ताताई, आल्टाबद्दल दुमत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९१ मध्ये त्यांच्या सरकारने कार्बन डायऑक्साइडवर कर बसवला आणि समुद्रातल्या तेलकंपन्यांनाही त्यातून सोडले नाही. त्या कराचा परिणाम म्हणून १९९६ पासून स्लाइप्नर क्षेत्रात हा वायू हवेत न सोडता समुद्रतळाखालच्या खडकांत पुरण्यास सुरुवात झाली. तेल काढायचे की नाही हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, हा तुमचा आक्षेप तरीही उभा राहतो.

आता रेवतीताईंचा सार्वमताचा प्रश्न राहिला. १९७२ मध्ये याच प्रश्नावर ५३.५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले, तेव्हा मजूर पक्षाचे पंतप्रधान ट्रिग्वे ब्राटेली यांनी आधी जाहीर केल्याप्रमाणे राजीनामा दिला होता. त्या भांडणात पक्ष दुभंगला, घराघरांत अबोले धरले गेले. ही आठवण ब्रुंटलँड विसरल्या नव्हत्या. १९९४ मध्ये त्यांनी प्रवेशाच्या बाजूने जीव तोडून प्रचार केला, पण आपले पद पणाला लावले नाही आणि पक्षातल्या विरोधकांना पक्षात राहूनच विरोध करू दिला. २८ नोव्हेंबर १९९४ रोजी ५२.२ टक्के मते विरोधात गेली. त्यांनी निकाल स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार ऑक्टोबर १९९२ मध्येच स्टोर्टिंगने १३० विरुद्ध ३५ मतांनी मंजूर केला होता आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागूही होता, त्यामुळे बाजारपेठेचे दार उघडे राहिले. हरण्याची सोय आधीच करून ठेवणे, हे मला त्यांच्या राजकारणातले सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

बर्गनकर
१९९२ मध्ये मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले होते, हेही लक्षात ठेवावे. पंतप्रधानपद ठेवले, पक्ष थोरब्यॉर्न यागलांड यांच्याकडे दिला. ऑक्टोबर १९९६ मध्ये कोणी ढकलले नसताना पंतप्रधानपदही त्यांनाच दिले. यागलांड यांनी १९९७ च्या निवडणुकीपूर्वी 'ग्रो यांना मिळालेल्या ३६.९ टक्क्यांपेक्षा कमी मते मिळाली तर आम्ही सरकार सोडू' अशी प्रतिज्ञा केली, ३५ टक्के मिळाली, आणि सर्वांत मोठा पक्ष असूनही त्यांनी खरोखरच सरकार सोडले. ग्रो १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक होऊन जिनिव्हाला गेल्या.

रेवती_सातारा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीतल्या तारखांपुढे आता कारणेही लिहिता आली. आल्टाचा भाग मी नक्की घेणार आहे. एकच शेवटची शंका : आडनावाचा उच्चार नेमका कसा करावा? आमच्याकडे ब्रंटलँड, ब्रुंडलँड, ब्रुटलँड असे सर्व प्रकार ऐकू येतात.

बर्गनकर
इथे शेवटचा 'ड' उच्चारत नाहीत. साधारण 'ब्रुन्टलान' असे ऐकू येते. पण साताऱ्यात तसे म्हटलेत तर श्रोत्यांना वाटेल की, या कोणी वेगळ्याच बाई आहेत. आपल्या पुस्तकांतले ब्रुंटलँडच ठेवा.